ला. व. म्हणजे लातूर वस्ती

(पोस्टकार्ड)

नांदेड, ८ जुलै २०२५

श्री. केरबा कोनाळे, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर यांस
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मतदार यादीत आडनाव दिसलं म्हणून लिहिते. मी विशाखा, नांदेडचे निवृत्त मुख्याध्यापक अमरनाथ शेषेराव कोनाळे यांची मुलगी. मूळ गाव बोरवाडी, ता. मुखेड. येत्या १४ डिसेंबरला बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी घराण्याची वंशावळ फ्रेम करून त्यांच्या हातात द्यायची, असा माझा गुपचूप बेत आहे. आजोबांच्या वहीत त्यांचे थोरले भाऊ रामलिंग तुकाराम कोनाळे यांच्या नावापुढे नुसतं ‘ला. व.’ लिहिलंय. म्हणजे लातूर वस्ती, असा माझा कयास. म्हणून लातूर जिल्ह्यातल्या बावीस कोनाळ्यांना अशी कार्डं टाकतेय. यादीत फोन नंबर नसतात, आणि पन्नास पैशांचं कार्डच मला परवडतं. रामलिंग आजोबांची शाखा ठाऊक असल्यास दोन ओळी कळवाव्यात.

आपली,
विशाखा कोनाळे

*

शिरूर अनंतपाळ, १९ जुलै २०२५

विशाखाताईंना नमस्कार.

केरबा कोनाळे वारून तीन वर्षं झाली, आणि ते तुमच्यातले नव्हतेच, भालकीकडचे होते. तुमचं कार्ड पोस्टात पडून होतं. आमचे संगप्पा पोस्टमन कार्ड म्हटलं की वाचतातच. ‘उघडं असतंय, डोळे झाकून वाटू का?’ असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते हॉटेलात चहा पिता पिता मोठ्यानं वाचलं, आणि चहा संपायच्या आत ते आमच्या आजीच्या कानावर आलं. आजी काठी टेकत पोस्टात गेली आणि तिनं ते परत तीनदा वाचायला लावलं.

मी शिवांगी, तिची नात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीला लिहिता येत नाही. ती सांगायली तसं मी लिहायले. कंसात असेल ते माझं.

लिव्ह. विशाखा लेकरा, रामलिंग कोनाळे म्हंजे मपला बाप. म्या केवळा. बाप बोरवाडीत जलमला अन् बोरवाडीतच मेला. लातूर त्येनं जन्मात दोनदा बघितलं. एकदा बैल घ्यायला अन् एकदा मपल्या सोयरिकीला. लातूर वस्ती कुटून काढलीस बाई? तुजा आजा शेषेराव, माजा काका. तुजा बाप अमरनाथ, माजा भाऊ. चुलत म्हनतेत लोकं, पर म्या त्येला कडंवर घेऊन हिंडले, माज्या कडंला आजून त्येचा घट्टा हाय. (नाही. मी बघितलं.)

त्येची तब्येत कशी हाय? दात हायेत का? लहानपनी गूळ लई खायचा. त्येला सांग, अक्का जित्ती हाय. आता धा दिसांवर पंचीम आली. (‘पुढं लिहू का?’ विचारलं, तर ‘पंचीम आली एवढंच लिव्ह, त्येला समजंल’ म्हणाली.)

आजीचे आशीर्वाद.
शिवांगी

*

नांदेड, २ ऑगस्ट २०२५

ती. केवळाआत्यांस विशाखाचा शि. सा. न.

आत्या, तुमचं पत्र मी जिन्यातच उभं राहून वाचलं, आणि तिथंच पायरीवर बसले. बावीस कार्डांपैकी उत्तरं आली तीन. एकानं ‘ओळख नाही’ कळवलं, दुसऱ्यानं स्वतःच्या मुलासाठी स्थळ विचारलं, आणि तिसरी तुम्ही. अकरा रुपयांत आत्या मिळाली मला!

पण खरं सांगू का, लाजही वाटली. एक्केचाळीस वर्षांची झाले आणि मला सख्ख्यासारखी आत्या आहे हे पोस्टमननं हॉटेलात वाचल्यावर कळतंय. आमच्या घरात तुमचं नाव कधी निघालंच नाही. का निघालं नाही, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

बाबांना सरळ विचारलं असतं तर फ्रेमचं गुपित फुटलं असतं. म्हणून जेवताना आडून म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला केवळा नावाची कोणी बहीण होती का हो?’ त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. कानाचं मशीन काढून खिशात घातलं. म्हणाले, ‘आज आमटीत मीठ जास्त झालंय.’ आत्या, आमटी मी केली होती आणि मी मीठ विसरले होते. म्हातारपणाचा विसराळूपणा असेल म्हणून मी सोडून दिलं. तब्येत बाकी ठणठणीत आहे. दात वरचे चार शिल्लक. गूळ अजून खातात, साखरेच्या गोळीवर.

माझं विचाराल तर मी कॉलेजात मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. लोक ‘मॅडम’ म्हणतात आणि मानधन सहा-सहा महिने येत नाही. लग्न मोडलं, त्यालाही सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबांजवळच राहते. त्यांच्या पंच्याहत्तरीला हॉल घेऊन जेवणावळ घालायची माझी ऐपत नाही. म्हणून ही वंशावळ. वही घरचीच, यादी फुकट मिळते, आणि बायकांना एस.टी. अर्ध्या तिकिटात आहे. पुढच्या महिन्यात मुखेडला तहसिलात जाऊन जुन्या फेरफाराच्या नकला काढणार आहे. रामलिंग आजोबांच्या मृत्यूची तारीख त्यात सापडेल, आणि ‘ला. व.’चाही उलगडा होईल.

पंचमीचं बाबांना सांगितलं. मशीन खिशातच होतं बहुतेक.

आपली,
विशाखा

*

शिरूर अनंतपाळ, १७ ऑगस्ट २०२५

ताई, आजी बोलली तसंच लिहिते. मध्ये दोनदा उठून बाहेर गेली होती.

विशाखा लेकरा, त्येनं काढलं ते मशीन न्हाई, त्येनं कानच काढून ठिवला. तुला म्हाईत न्हाई तर सांगते.

लगीन हून म्या हिकडं आले तवा पंधरा वर्साची व्हते. मला भाऊ न्हवता. पंचमीला लेकीला माहेरी न्यायाला मुराळी यावा लागतोय. बाप म्हातारा. म्हनून काकानं अमरनाथला धाडलं. सात-आठ वर्साचं लेकरू, गड्याच्या गाडीत बसून आलं, डोक्यावर बापाची टोपी, पार डोळ्यावर आलेली. सासू म्हनली, ‘हा मुराळी हाय का मुरमुऱ्याचं पोतं?’ सारा वाडा हासला. त्यो हासला न्हाई. म्हनला, ‘मी अक्काला न्यायला आलोय.’ तवापून दर साली त्योच. म्या पुरनाची दिंडं करून ठिवायची, त्यो सात-आठ खायचा, मग आमी निगायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला अन् दुसऱ्या साली पाऊस लागला, त्यात बाप गेला. सांगावा आला, पर नदीला पूर. तीन दिस अलीकडच्या काठाला बसले. म्या पोचले तवा समदं उरकलं व्हतं. काका म्हनला, ‘आता आलीस?’ येवढंच. सुतकाचं वरीस म्हनून त्या साली पंचीम न्हवती. फुडच्या साली म्या दिंडं केली. मुराळी आला न्हाई. त्याच्या फुडच्या सालीबी केली.

माज्या मनात ऱ्हायलं की बापाच्या मातीला पोचले न्हाई म्हनून माहेर तुटलं. पन्नासाच्या वर पंचम्या झाल्या, म्या ह्येच धरून बसले. त्येला इचार, म्या चुकले ते नदीमुळं, का दुसरं काई झालं माज्या हातून? असंल तर सांगावं. आता मरायच्या आदी कळूं दे.

अन् तुज्या झाडात माज्या मायचं नाव हाय का? कोंडाबाई तिचं नाव. लिहून घे.

(ताई, ह्या पंचमीलाही तिनं दिंडं केली होती. कशाला करतेस म्हटलं तर म्हणाली, ‘कारड आलंय आवंदा.’)

शिवांगी

*

नांदेड, ९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यांस नमस्कार.

पत्राला उशीर झाला, क्षमस्व. परीक्षेची कामं होती. मुखेडला जाऊन आले. नकला मिळाल्या, पण जुनी कागदपत्रं फारशी स्पष्ट नाहीत.

फ्रेमवाल्याशी बोलले. त्याच्याकडे दोन बाय तीनचीच फ्रेम स्वस्तात आहे. एवढ्या जागेत सगळी नावं बसत नाहीत. रीतीप्रमाणे वंशावळीत पुरुषांचीच नावं घालतात म्हणे, त्यामुळे मुलींची नावं जागेअभावी घेता येत नाहीत. कोंडाबाईंचं नाव मी वहीत मात्र टिपून ठेवलंय.

बाबांची तब्येत हल्ली नरम असते. तुमच्या प्रश्नाचं त्यांना नीट आठवत नाही. फार जुनी गोष्ट झाली ना. तब्येतीला जपावं.

आपली,
विशाखा

*

शिरूर अनंतपाळ, २० सप्टेंबर २०२५

विशाखाताई,

हे पत्र आजीनं सांगितलेलं नाही, आणि मी लिहायले हे तिला माहीतही नाही.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, पण निम्मं. ‘मुलींची नावं जागेअभावी’ ही ओळ आली आणि मी वाचायची थांबले. आजी म्हणाली, ‘पुढं वाच की.’ मी म्हटलं, ‘बाबांनी तुला नमस्कार सांगितलाय आजी, ते म्हणतात तुझं काहीच चुकलं नाही.’ ताई, आजवर मी तिला डॉक्टरची चिठ्ठी वाचली, रेशनचा कागद वाचला, पण खोटं कधी वाचलं नव्हतं. ती इतकी खूश झाली की चार घरं सांगून आली. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. तुमच्यामुळं.

तुम्ही मराठी शिकवता ना? मग ‘ला. व.’चा अर्थ मला विचारावा लागला, तुम्हाला नाही? आमच्या गल्लीत एक जुने तलाठी आहेत, रझाकारीच्या आधीचं दप्तरही त्यांनी हाताळलंय. त्यांच्यासमोर कागदावर दोन अक्षरं काढली. ते हसले. म्हणाले, ‘पोरी, हे निजामाच्या दप्तरातलं. लावल्द. ज्याच्यामागं औलाद नाही तो लावल्द.’ मी म्हटलं, ‘आणि मुलगी असली तर?’ त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ताई, तुम्हाला मुखेडला काय सापडलं?

शिवांगी

*

नांदेड, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय शिवांगी,

तुझं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. पाच वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आता लिहिते ते एका दमात लिहिते.

‘ला. व.’ म्हणजे काय ते मला मुखेडलाच कळलं होतं. फेरफाराच्या नकलेसोबत मूळ वारस अर्ज जोडलेला होता. कारकून म्हणाले, ‘वाचा मॅडम, अक्षर बघा कसं मोत्यासारखं आहे.’ मी वाचलं. ‘माझे सख्खे वडील बंधू रामलिंग तुकाराम कोनाळे हे लावल्द फौत झाले असून माझेशिवाय त्यांना कोणीही वारस नाही.’ तारीख जानेवारी १९७४. खाली शेषेराव आजोबांचा अंगठा.

आजोबांना लिहिता येत नव्हतं, शिवांगी. त्यांची ती वहीसुद्धा दुसऱ्यानं लिहिलेली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्या अर्जातला ‘श’ खाली वळून शेपटीला गाठ मारतो. तसा ‘श’ मी पहिलीत असताना पाटीवर गिरवलाय. आमच्या बाबांचा आहे तो. शाळेत सगळ्यांचे दाखले बाबाच लिहायचे. लोक म्हणायचे, सरांचं अक्षर म्हणजे छापील.

रेकॉर्ड रूममध्ये मी तो ‘श’ बोटानं परत गिरवून बघितला. परतीच्या गाडीत मला वाटलं, ही नक्कल खिडकीतून सोडून द्यावी. सोडली नाही, पण त्याहून वाईट केलं. घरी येऊन तुझ्या आजीला ते जागेअभावीचं पत्र लिहिलं. बाबांनी तिला एकदा कागदावरून पुसलं. मी दुसऱ्यांदा पुसलं, आणि मला तर कोणी ‘लिही’ म्हणून सांगितलंही नव्हतं.

कशासाठी? तर १४ डिसेंबरला कॉलनीतले लोक येणार, बाबांचे विद्यार्थी येणार, कोणीतरी भाषणात त्यांना आदर्श शिक्षक म्हणणार. त्या फ्रेमकडे बघून ‘हे नाव कोणाचं हो?’ असं कोणी विचारू नये, म्हणून. आणि आणखी एक आहे. रामलिंग आजोबांचा वाटा विकून आजोबांनी नांदेडला जागा घेतली. त्या जागेवर हे घर. दारावर पाटी आहे, ‘शेषकृपा’. माझं लग्न मोडलं तेव्हा पिशवी घेऊन मी याच दारात आले. मला परत यायला माहेर होतं, शिवांगी. ते तुझ्या आजीच्या माहेराचं होतं.

तुझं पत्र आल्यावर मी नक्कल बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी मशीन काढलं नाही. कागद डोळ्यांशी नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पेपर तपासावा तसा. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला माहीत होतं ना की केवळाआत्या आहे?’ ते म्हणाले, ‘मी वडिलांना विचारलं होतं, अक्काचं काय? ते म्हणाले, लेक दिली ती गेली, तू लिही.’ मी विचारलं, ‘आणि तुम्ही लिहिलं?’ म्हणाले, ‘लिहिलं.’ त्याला तीन दिवस झाले. काल वहीतून एक पान फाडलेलं दिसलं. त्यावर ‘अक्का’ एवढंच लिहून खाडाखोड केली होती. छापील अक्षराच्या माणसाची खाडाखोड मी पहिल्यांदा बघितली.

हे आजीला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला तेवढा अधिकार राहिलेला नाही.

विशाखा

*

शिरूर अनंतपाळ, ८ ऑक्टोबर २०२५

ताई, सगळं वाचून दाखवलं. आधीच्या पत्रात मी काय गाळलं आणि काय घातलं, तेही सांगितलं. तिनं मला एक चापट मारली आणि मग जवळ घेतलं. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली आणि म्हणाली, ‘कागद आन.’

अमरनाथ, आता तुलाच लिवते.

बावन्न वर्सं म्या नदीला शिव्या दिल्या. नदीचं काय चुकलं व्हतं रे? तिला पूर आलता, वसरला. तुला काय आलं व्हतं?

लावल्द. शिवांगीनं तीनदा सांगितलं तवा समजलं. बाप मपला वांझ मेला म्हनून सरकारात लिहून ठिवलंस. मग ही बोलनारी कोन हाय रे? तुज्या नाकाचा शेंबूड पदरानं कोनी पुसला? म्या जित्ती असून मला जलमायच्या आदीच मारलंस की तू. काका अडानी, लोभी, त्येचं त्येच्यासंग गेलं. त्येच्यापाशी अंगठा व्हता नुसता. अक्षर तुज्यापाशी व्हतं.

जमीन नगं मला. म्या कुटं नांगर धरनार हाय? दोन ल्योक हायेत, कमवून खातेत. घरबी तुजं तुला. इशाखा लेकरा, तू त्या घरात ऱ्हा, रडू नगंस, लेकीनं माहेरी ऱ्हायला मपली ना न्हाई. पर तू जागेचं लिवलंस ते मला लागलं. काकाचं लागलं न्हाई तेवढं लागलं. हे बी सांगून ठिवते.

फ्रेम नगं. फ्रेम तुमच्या घरातल्या भिताडावर, बघनार कोन? अमरनाथ, जे तू सरकारात लिवलंस ते खोटं हाय, असं तू लिव्ह. तुज्या हातानं. त्याच अक्षरात. इशाखाच्या हातून न्हाई. अन् पाकीट धाडू नगं. पाकिटात लोकं लाज झाकून धाडतेत. कारड धाड. नांदेडात वाचतील, लातुरात वाचतील, संगप्पा हॉटेलात वाचंल. मपल्या बापाला पोरगी व्हती ह्ये समद्यांनी वाचूं दे.

मग यायाचं का न्हाई ते तू बघ. आलास तर दार उघडं हाय, चहा भेटंल. दिंडं भेटतील का, ते कारड वाचून ठरवीन. अन् पंच्याहत्तरी झाल्यावर एस.टी. फुकट हुती म्हनून तवर बसू नगं म्हनावं. म्या त्र्याऐंशीची हाय, मला घाई हाय.

(आजीनं खाली स्वतः अंगठा उठवलाय. ‘काकाचा चालला, तर मपलाबी चालंल’ म्हणाली.)

शिवांगी

*

(पोस्टकार्ड)

नांदेड, १४ ऑक्टोबर २०२५

श्रीमती केवळाबाई रामलिंग कोनाळे यांस. सासरचं आडनाव मुद्दाम लिहीत नाही. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर.

हे कार्ड ज्यांच्या ज्यांच्या हातात पडेल त्या सर्वांनी वाचावं. संगप्पा, मोठ्यानं वाचा.

मी अमरनाथ शेषेराव कोनाळे, निवृत्त मुख्याध्यापक, असं लिहून देतो की रामलिंग तुकाराम कोनाळे, रा. बोरवाडी, हे लावल्द नव्हते. त्यांना व कोंडाबाईंना एक मुलगी होती आणि आहे. तिचं नाव केवळा. १९७४ च्या अर्जात मी लिहिलं ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं. मी तेवीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. चाळीस वर्षं मुलांना ‘खरे बोलावे’ हे फळ्यावर मीच लिहून दिलं.

अक्का, तुझं काही चुकलं नाही. त्या साली पंचमीला मला मुराळी म्हणून धाडलं होतं. मी उदगीरच्या स्टँडपर्यंत आलो. शिरूरची गाडी समोर लागली होती. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली. परत फिरलो, आणि घरी सांगितलं, सासरचे धाडत नाहीत. हे आजपर्यंत विशाखालाही माहीत नाही. ती हे कार्ड पोस्टात टाकायला नेताना वाटेत वाचेल.

शिवांगी, यातली एकही ओळ गाळू नकोस.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी निघतो, अर्ध्या तिकिटावर. गाडी उदगीरलाच बदलावी लागते. या वेळी शिरूरच्या गाडीत बसेन.

तुझा मुराळी,
अमरनाथ